बारीक हत्यारांची पेटी

४ जानेवारी १९८१, नजरबाद
आज कानाच्या ऑपरेशनला हो म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असणार — वनजा दचकली. ‘‘अक्का, हेच तेव्हा म्हणाली असतीस तर!’’ बहिणीचे ओठ वाचायला सोपे.
हे दाराशी उभे. हात खिशात.

५ जानेवारी
तेव्हा म्हणजे दहा वर्षांपूर्वी. हे कानांचे सर्जन; यांनी खास माझ्या कानांसाठी बारीक हत्यारं मागवली होती. केसासारखी सुई, आकडा, नाचणीच्या दाण्याएवढा चमचा. जेवणाच्या टेबलावर मांडून म्हणाले, ‘‘घोडेस्वारांच्या घरची तू, आणि कानातलीच रिकीब अडकून बसली! रिकिबीच्या आकाराचं एवढंसं हाड. सोडवतो.’’ यांचा आवाज तेव्हा अर्धा तरी पोचायचा.
मी म्हटलं, तुमच्या हातून नको. चूक झाली तर रोज कुणाच्या तोंडाकडे बघू?
एकेक हत्यार पुसून यांनी पेटी मिटली. पुन्हा विषय काढला नाही. त्याच हत्यारांनी गावभरचे कान उघडले. माझे मिटत गेले.

८ जानेवारी
हे नाही म्हणाले! ‘‘शेषगिरी करेल. मी आता फक्त शिकवतो.’’
शेषगिरी यांचा विद्यार्थी. चांगला आहे. पण मला हे हवे होते. विचारलं — सूड घेताय? उठून गेले.
हल्ली दाढीलाही न्हाव्याकडे जातात. कॉफी स्वयंपाकघरात उभ्यानंच पितात. माझ्यासमोर बसणंही नको झालंय.

११ जानेवारी
यांनी हत्यारांची पेटी शेषगिरीला दिली. कायमची.

२० जानेवारी
झालं. फक्त कान बधिर केला होता, मी जागी होते. हे आत आले नाहीत. कानात बोळा आहे. तो निघेपर्यंत काही कळायचं नाही.

२८ जानेवारी
बोळा काढला. शेषगिरीनं मागे उभं राहून हळूच कन्नडात विचारलं, ‘‘अम्मा, ऐकू येतंय?’’ मी मराठीत ओरडले — येतंय!
घरभर आवाज. नळ, चपला, कावळे. यांचा आवाज म्हातारा झालाय. मला माहीतच नव्हतं.

२९ जानेवारी
सकाळी स्वयंपाकघरातून बारीक खणखण. थांबेना. दाराशी गेले. हे पाठमोरे उभे. हातातल्या पसरट वाटीत ठेवलेला कॉफीचा पेला एकसारखा वाजत होता.
‘‘अहो, हात — कधीपासून?’’
दोन्ही हातांनी पेला ओट्यावर ठेवला. ‘‘तुला ऐकू येत नव्हतं, तेवढं बरं होतं.’’