दोष रक्ताचा आहे

३ जानेवारी
साखर पुन्हा वाढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाला, खाणं आवरा. मी म्हटलं, आमचे वडील, आप्पा, याच आजाराने गेले. हे रक्तातलं आहे, माझा काय दोष? त्या म्हणाल्या, आप्पाही चालणं टाळायचे का? उद्धट बाई. उद्याच डॉक्टर बदलणार.

९ जानेवारी
डॉक्टर बदलला नाही. दुसरा लांब आहे, चालत जावं लागतं.
बायकोने बिस्किटं माळ्यावर टाकली. दिवसभर शिकाऊ ड्रायव्हरांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसणाऱ्या माणसाशी ही वागणूक? स्टूल लावून काढली. दोनच खाल्ली. म्हणजे दोन पुडे.

१६ जानेवारी
दवाखान्यात पत्रक लागलंय. मधुमेह आणि आनुवंशिकता यावर संशोधन. रक्त द्या, हवं तर निकाल सांगू. ताबडतोब नाव दिलं. आता विज्ञानच या बायकांची तोंडं बंद करेल.
दादालाही ओढणार. माझ्याहून मोठा, जन्मभर सायकलवरून टपाल वाटलं, साखर नाही. नुसतं नशीब. तो म्हणाला, मला कशाला सुई? मी म्हटलं, रक्त तुझंही आप्पांचंच. वहिनी फणकारली, पण तो तयार झाला.

४ फेब्रुवारी
दोघांनी रक्त दिलं. संशोधक मुलगी म्हणाली, काका, एकच जीन नसतो, शेकडो असतात, प्रत्येकाचा हात थोडा थोडा. छान. शेकडो साक्षीदार! बाहेर पडून केक खाल्ला. निकालाआधी पथ्य पाळणं म्हणजे पुराव्याशी छेडछाड.

२७ मे
अंगठ्याची जखम भरत नाही. बूट चावला. दुकानदाराला जाऊन झापलं. बायको म्हणते, डॉक्टरीणबाईंना दाखवा. तेवढंच उरलंय.

११ जून
निकाल. मुलगी म्हणाली, तुमचा आनुवंशिक धोका सरासरीपेक्षा कमी आहे. मी म्हटलं, नळ्या बदलल्यात तुम्ही. ती म्हणाली, नाही. दादा म्हणाला, माझंही इथेच सांगा, घरातलंच आहे. त्याचा धोका बराच जास्त निघाला. मी विचारलं, मग आजार मला कसा? ती म्हणाली, कमी म्हणजे शून्य नव्हे काका, बाकीचं जीवनशैलीवर. मग हळूच विचारलं, लंगडताय का?
हात दाखवून अवलक्षण. हे कसलं संशोधन? तक्रार करणार आहे.

१३ जून
दादाला फोनवर सुनावलं. आप्पांचं सगळं तूच उचललंस, मला काही ठेवलं नाहीस. तो म्हणाला, जखम कशी आहे? मी फोन आपटला.

२९ जून
हॉस्पिटल. ताप चढला म्हणून बायकोने आणलं. काल अंगठा काढला. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता आलं असतं.
दुपारी दादा आला. पायाकडे बघेना. मी म्हटलं, आता तरी कबूल कर, हे आप्पांकडूनच आलंय. त्याने माझी उशी सारखी केली आणि म्हणाला, हो रे, आप्पांकडूनच आलंय.
इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी माझं म्हणणं मान्य केलं. मला त्याचा भयंकर राग आला.