विहिरीकडं बघताना

दैवशाला,

आपला कल्याण विहिरीत बुडाला तेव्हापासून डोळे मिटले की त्याचं ते गार अंगच दिसायचं. तू धावड्याला माहेरी गेलीस, अन् मी जालन्याच्या समुपदेशक मॅडमकडं उपचाराला जायला लागलो. मनावरचा धक्का हलका व्हावा म्हणून त्या डोळ्यांसमोर दोन बोटं डावी-उजवी फिरवतात. म्हणतात, "मान हलवू नका. नुसत्या नजरेनं बोटांमागं या, अन् मनात विहीर आणा." आधी मला येडेपणा वाटला. घरी येईस्तोवर अंग गळून जायचं.

परवा बोटांमागं जाता जाता कल्याण काठावर उभा दिसला. ओलाचिंब, हसत. "पप्पा, माझी उडी बघा!" म्हणत व्हता. मी तिथंच हुंदके देऊन रडलो. मॅडमनं बोटं थांबवली, पाणी दिलं.

काल मी कल्याण गेल्यापासून पहिल्यांदाच विहिरीवर जाऊन मोटार चालू केली. घरी येऊन झोपलो, ते उजाडल्यावरच उठलो.

तुला अजून झोप न्हाई, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. मी झोपलो हे वाचून तुला वाटंल, बाप पोराला विसरला. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत न्हाई. उद्या मीच ते घेऊन धावड्याला येतो. शिव्या दे, पण समोर बस.

तुझाच थकलेला
कडूबा