खुरमीच्या झाकणावरची सही

जुनवानी, भिलाई
मे महिन्यातला रविवार, भर दुपार

तीर्थरूप रत्नामावशीले,

धनूचा वाकून नमस्कार. (मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुले वाकाची मनाई आहे म्हणे, म्हणून आशीर्वाद मान ताठ ठेवून दिला तरी चालेल.) डोळा कसा आहे? पाणी येते काय? थेंब वेळेवर टाकून राहिली ना? तिखट, ऊन आणि शेजारच्यांच्या भांडणात मध्यस्थी, या तिन्ही गोष्टी डॉक्टरनं बंद सांगितल्या असतील, त्यातल्या पहिल्या दोन तरी पाळ. इकडे आमी सारे ठीक आहो. तुझी भाचसून समृद्धी ठीक आहे. बाबा ठीक आहेत, म्हणजे सकाळी पेपर वाचतात आणि दुपारी तोच पेपर पुन्हा वाचतात. मी ठीक नाही, पण ते पुढे येईलच.

नवा चष्मा लागेपर्यंत तुले वाचाचं नाही, म्हणून हे पत्र शेजारची मोना तुले वाचून दाखवून राहिली असेल. (मोना, जो कंस तुझ्या नावानं आहे तो मनातच वाच. मावशीनं 'थांबली कावून' विचारलं तर अक्षर लागत नाही म्हण. माझं अक्षर तसंही लागत नाही.) पत्र लिहाचं कारण असं की फोनवर तू मले बोलूच देत नाही. मी फोन केला की तू उचलते, माझा आवाज ऐकते, 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणते आणि ठेवून देते. पत्राचं तसं नाही. जिनं तुमसरच्या पोस्टात अख्खी नोकरी काढली ती बाई टपालानं आलेलं पाकीट न उघडता ठेवणार नाही, एवढा माझा तुझ्यावर भरवसा आहे.

तुझा राग बरोबर आहे. तुझा शुभम परदेशात, मावसाजी नाहीत, आणि ऑपरेशनले सोबत येतो म्हणून मीच छातीठोक सांगितलं होतं. गोंदियाच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं सोबत कोण आहे, तर तू दाराकडे पाहून म्हणाली, भाचा येऊन राहिला. मग म्हणे तू तेच वाक्य आणखी बऱ्याच वेळा म्हणाली, आणि शेवटी फारमावर मोनानं सही केली. हे मले मोनानं सांगितलं. (मोना, सांगितलं ते बरं केलं. पण मावशीच्या पिशवीत माझ्यासाठीही डबा होता, हे नसतं सांगितलं तरी चाललं असतं.) आई गेल्यावर मले धनू म्हणणारं तूच एक माणूस उरलं, आणि तुलेच मी दवाखान्याच्या बाकावर बसवून ठेवलं. आता कावून ते ऐक.

तुले वाटते सर्व्हर डाऊन म्हणजे बहाणा. (आणि तुले नाही वाटणार तर कोणाले? पोस्टात संगणक आल्यावर शेवटची वर्षं तूच खिडकीवर तशी पाटी लावून आत चहा पेत होती. मी डोळ्यानं पाहिलं आहे.) पण मावशी, मी त्या पाटीच्या मागे राहणारा माणूस आहो. रसमड्याच्या आमच्या कारखान्यात लोखंडाचं ओतकाम होते, आणि कारखान्यातले सारे संगणक ज्या एका मोठ्या संगणकाच्या भरवशावर चालतात, तो माझ्या खोलीत आहे. त्याले गरमी सहन होत नाही, म्हणून त्या खोलीले एसी आहे, आणि म्हणूनच मे महिन्यात ती खोली माझी राहत नाही. शिपायाचं दही तिथंच लागते. हिशेबाचे भय्याजी 'जरा एक आकडा पाहाचा होता' म्हणून येतात आणि खुर्चीत घोरतात. दसऱ्याले कोणी तरी सर्व्हरसमोर उदबत्ती लावली, धुराची घंटा वाजली, आणि अख्खा कारखाना उन्हात जाऊन उभा राहिला. चौकशीत दोषी मी, कारण घंटा माझ्या ताब्यात होती, उदबत्ती नव्हती.

बाकी दिवसभर लोकांच्या हाका. प्रिंटर बिघडला म्हणून धावत जावं तर त्याची पिन काढून तिथं मोबाईल चार्जिंगले लावलेला. नेट हळू आहे म्हणून ओरडणारा माणूस स्वतःच क्रिकेट पाहून राहिलेला. पासवर्ड कोणाले सांगू नका म्हटलं तर तो कागदावर लिहून स्क्रीनले चिकटवतात, खाली 'कोणाले सांगू नये' हेही लिहितात. सारं चालू असलं तर मी कशाचा पगार घेतो असं विचारतात, बंद पडलं तरी तेच विचारतात. माणूस किती वर्षं एकाच प्रश्नाचं उत्तर देईल, मावशी? मी अलीकडे देणंच सोडलं आहे.

तर त्या दिवशी माझी रजा मंजूर होती. मी दुर्गच्या फलाटावर होतो, हातात पिशवी, पिशवीत समृद्धीनं तुझ्यासाठी तळलेल्या खुरमीचा, म्हणजे इकडच्या गुळाच्या शंकरपाळ्यांचा, डबा. तेवढ्यात भय्याजीचा फोन आला की नेट गेलं. मी म्हटलं बंद करून चालू करा, आणि फोन खिशात टाकला. नंतर कळलं ते असं. आमचे मोठे साहेब राजकुमारजी यांनी गेटजवळ एक भला मोठा बोर्ड लावाचं ठरवलं होतं, 'आमचा कारखाना, डिजिटल कारखाना'. बोर्डासाठी खड्डा पाहिजे. खड्ड्याच्या जागी 'खाली केबल आहे, खोदू नये' अशी मी लावलेली छोटी पाटी होती, ती मधे येत होती म्हणून आधी उपटली आणि मग लोखंडी सब्बल मारली. ती केबल म्हणजे केसाएवढी काचेची तार. तिच्यातून गेटचा संगणक सर्व्हरशी बोलते, आणि मालाची गाडी बाहेर काढाची चिठ्ठी त्या संगणकातूनच छापून निघते. तार तुटली, चिठ्ठी बंद झाली, गाड्या गेटच्या आत एकामागे एक उभ्या राहिल्या. साहेब रायपूरले कारखान्याच्या डिजिटल भविष्यावर भाषण ऐकत होते, त्यांचा फोन बंद.

इथवर असतं तरी मी गाडीत चढलो असतो. खरंच सांगतो, पाय उचलला होता. मग गेटवरच्या धोंडबाचा फोन आला. भट्टीवर काम करणारा नागसेन लू लागून, उष्माघातानं पडला होता. त्याले कारखान्याच्या ॲम्ब्युलन्समध्ये टाकलं होतं, आणि ॲम्ब्युलन्स त्या साऱ्या गाड्यांच्या मागे अडकली होती. मागे सरकाले जागा नाही. हातानं उचलून बाहेर न्यावं तर लू लागलेल्या माणसाले पुन्हा त्याच झळीत न्याचं, आणि बाहेर रस्त्यावर त्या वेळी कुत्रंही नसते. मी धोंडबाले म्हटलं गेट उघड, गाड्या काढ, मी सांगून राहिलो. तो रडवेला झाला.

"धनंजयबाबू, माझ्या आधीचा वॉचमन चिठ्ठीशिवाय एक गाडी सोडली म्हणूनच घरी बसला. तुमी या आणि लिहून द्या. तुमी लिहून दिलं की मी उघडतो."

मले त्याचा राग आला नाही. पोरंबाळं असलेला माणूस आहे. तुझ्याकडे येणारी आगगाडी समोर उभी होती, दार उघडं होतं. मी उलटा फिरलो आणि ऑटो केला. तुले फोन करावा तर बोलाचं काय, हे सुचेना. गडबडीत 'सर्व्हर डाऊन, उशीर होते' एवढाच निरोप टाकला. त्यापेक्षा वाईट शब्द मले शोधूनही सापडले नसते.

गेटवर पोचलो तर ड्रायव्हर लोकं गाड्यांखाली सावलीत पडलेले, ॲम्ब्युलन्सच्या काचेतून नागसेनचे नुसते पाय दिसत होते. धोंडबा कागद शोधे. रजिस्टरचं पान फाडाले तो तयार नाही, पानांवर नंबर आहेत म्हणे. मी पिशवीतून खुरमीचा डबा काढला, पुठ्ठ्याचं झाकण उपटलं आणि त्यावर लिहिलं की सर्व गाड्या माझ्या जबाबदारीवर सोडाव्या, खाली सही केली. धोंडबानं ते दोनदा वाचलं आणि गेट उघडलं. ॲम्ब्युलन्सले वाट द्याले मी बाजूले उडी मारली, आणि बिनझाकणाच्या डब्यातली सारी खुरमी मातीत सांडली. (मोना, खुरमी सांडली हे समृद्धीले कळू देऊ नको. तिले मी मावशीले आवडली म्हणून सांगितलं आहे.) मग तार जोडणारा माणूस रायपूरहून दुसऱ्या दिवशी आला, तोवर तुझी पट्टीही सुटली होती.

नागसेन वाचला, मावशी. डॉक्टर म्हणाले अजून थोडं थांबले असते तर कठीण होतं. मले वाटलं, चला, एवढं तरी झालं. पण त्या आठवड्यात माझ्या टेबलावर नोटीस आली. गाड्या चिठ्ठीशिवाय सोडल्या, खुलासा द्या. मी खुलासा दिला. चौकशीत साहेबांनी विचारलं, तुम्ही त्या दिवशी रजेवर होते, मग सही कोणत्या अधिकारानं केली? भय्याजीले माझी दया आली असावी, त्यांनी तोडगा काढला की रजा मागच्या तारखेनं रद्द करा, म्हणजे सही बरोबर होते. साऱ्यांनी माना हलवल्या. रजा रद्द झाली, सही बरोबर ठरली. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की मी जर कामावर होतो तर दुपारी पोचलो कसा? त्याची वेगळी नोटीस आहे. झाकण फायलीत लावलं आहे. तेल सुटून त्याच्याखालचे चार कागद पारदर्शक झाले आहेत.

बोर्ड त्याच खड्ड्यात उभा राहिला, नारळ फुटला, पेढे वाटले. त्याच कार्यक्रमात साहेबांनी सांगितलं की आता आपला सर्व्हर इथं राहणार नाही, सारं ढगात जाणार, रायपूरची एक कंपनी तिथूनच पाहणार. शिपायानं खरंच वर पाहिलं. वर ढग नव्हता, मे महिना आहे. टाळ्या साऱ्यांनी वाजवल्या, मीही वाजवल्या. टाळ्या वाजवताना मले समजलं की मी कशासाठी वाजवून राहिलो. खोली आता हळूहळू रिकामी होऊन राहिली. एसी मात्र ठेवणार आहेत, भय्याजीनं आरामखुर्चीची जागा पाहून ठेवली.

परवा नागसेन कामावर आला. दारात उभा राहिला, चेहरा अर्धा झालेला. मी उठून त्याले खुर्ची दिली, तो बसला नाही. मले वाटलं त्या दिवसाचं काही बोलेल. तो टोपी हातात फिरवून म्हणाला, "साहेब, इथलं वायफाय मिळेल काय? पोरगी नागपूरले शिकते. माझं थोबाड दिसलं की रडणं बंद करते." मी पासवर्ड त्याच्या मोबाईलमध्ये टाकून दिला, जो कोणाले द्याचा नसते. तो भिंतीले टेकून उभ्या उभ्याच पोरीशी बोलला. मी तारा गुंडाळत होतो, पण ऐकू येत होतं. पोरगी विचारे, तुमाले तिथून बाहेर कोणी काढलं? तो म्हणाला, गेट उघडं होतं. त्याले तरी काय माहीत, तो तर बेशुद्ध होता. मीही सांगितलं नाही. तुले मात्र सांगून राहिलो, कारण तू बाकावर बसली होती ती माझ्यामुळे, आणि मी कुठं होतो हे तुले तरी माहीत पाहिजे.

उन्हात निघू नको, डोळ्याले हात लावू नको. रागाचं काय कराचं ते तूच ठरव.

तुझा भाचा,
धनू

ता. क. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनले मी नक्की येतो. रजा मागितली, आणि साहेबांनी कागद न वाचता सही केली, वर म्हणाले हवी तेवढी घ्या. आजवर एवढ्या सहज रजा कधी मिळाली नाही. मले त्याचा आनंद झाला नाही.

ता. क. दुसरा, फक्त मोनासाठी. मोना, हे मोठ्यानं वाचू नको. दिवाळीनंतर माझी तिथं गरज नाही, असं तोंडी सांगून झालं आहे. तू तुमसरच्या ज्या क्लासमध्ये संगणक शिकते तिथं शिकवणारा माणूस पाहिजे काय, सहज विचारून पाहा. माझं नाव घेऊ नको. कोणी दूरचा ओळखीचा आहे म्हण, वय जरा झालं आहे पण समजावून सांगते म्हण.

ता. क. तिसरा. मावशी, मोनानं ते वाचलंच असेल, तू तिले सोडलं नसेल. तर मग सरळच विचारतो. तुझी मागची खोली रिकामी आहे, ती भाड्यानं देऊ नको. आधी मी एकटाच येईन. समृद्धीले अजून सांगितलं नाही. ती आत्ता आत चहा करून राहिली, आणि मी कोणाले पत्र लिहून राहिलो म्हणून दोनदा विचारून गेली.