सदस्य एक, सदस्य दोन

३ एप्रिल, मंगळवार

दादाने पाळीव प्राण्यांच्या दुकानातून काहीतरी घेतलं! बेचाळीस पॉइंट पडलेत. म्हणजे पट्टा किंवा वाटी नाही, चांगलं पोतंभर खाणं असणार. कुत्रा पाळला? दादाने? लहानपणी कोपऱ्यावरच्या कुत्र्याने नुसती जांभई दिली तरी माझ्या मागे लपायचा — आणि मी त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी! मांजर असेल. मांजरच. पण मांजर बेचाळीस पॉइंटांचं खाईल?

दिवसभर हेच डोक्यात. सांगणार कोणाला? म्हणून इथे.

४ एप्रिल

वही नवी आहे. एकदा सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर वर्षभराने मलाच काही उमगायचं नाही.

विमान कंपनीचं एक खरेदीचं पान आहे. आधी तिथे जायचं आणि तिथून दुकानात शिरायचं. दुकानं नेहमीचीच — साबण, तांदूळ, चादरी, औषधं. पण त्या दारातून गेलं की प्रत्येक खरेदीमागे विमानाचे पॉइंट मिळतात. पुरेसे साठले की फुकट तिकीट. सहा वर्षांपूर्वी दादाने आमचं कुटुंब-खातं उघडलं. तो सदस्य एक, मी सदस्य दोन. काय घेतलं ते दिसत नाही. कोणी, कुठल्या दुकानातून, कोणत्या तारखेला आणि पॉइंट किती, एवढंच दिसतं.

आम्ही बोललो नाही त्याला तीन वर्षं झाली. तो विमानाने अडीच तासांवर राहतो. एकटाच, वहिनी केव्हाच वेगळी झाली. त्याची खबर मला लागते ती या यादीतून. बुटांचं दुकान — म्हणजे चालायला जातो. चष्म्याचं दुकान — नंबर वाढला. मार्चमध्ये हार्डवेअर, तेही चार वेळा — नळ गळत असणार, पण प्लंबरला बोलावेल तर शपथ! सगळं स्वतः करायचं आणि मग पाठ धरून बसायचं.

रोज संध्याकाळी चहा घेताना यादी उघडते. लोक पेपर वाचतात तसं.

११ एप्रिल

दवाखान्यात आज एक आजोबा. मी ऐकण्याची तपासणी करते. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बीप ऐकू आली की दाबायचं. हे आजोबा बीप नसतानाही दाबत होते. सारखे! दार उघडून विचारलं, "आजोबा, आवाज आला का आत्ता?" म्हणाले, "आला असेलच की! उगाच का बसवलंय तुम्ही मला इथे?"

हसू आवरेना. डॉक्टरांना सांगितलं तर ते मोबाइलमध्ये. "हं, पुन्हा घ्या टेस्ट," एवढंच.

पुन्हा घेतली.

१५ एप्रिल, रविवार

बाथरूममध्ये घालायचं पायपुसणं मागवलं. घरात तीन आहेत. बाथरूम एकच.

शेजारीण दारात खोका बघून म्हणाली, "अहो, दुकान टाकताय की काय? रोज काहीतरी येतंच तुमच्याकडे!" मी म्हटलं, "पॉइंट मिळतात ना." ती म्हणाली, "मग कुठे जाऊन आलात?"

कुठेच नाही. सहा वर्षांत कुठेच नाही.

१९ एप्रिल

औषधांचं दुकान. सदस्य एक. अकरा पॉइंट.

होतं असं कधी कधी. सर्दी-खोकला.

२३ एप्रिल

औषधांचं दुकान पुन्हा. सव्वीस.

२४ एप्रिल, मंगळवार

आज तिसऱ्यांदा! तेहतीस! पाच दिवसांत तीनदा औषधं कोण घेतं? बाबांना रक्तदाब होता, आईला शेवटी साखर. काही खरं नाही. फोन हातात घेतला. त्याचं नाव काढलं. ठेवून दिला.

मला भीती वाटते ती याची, की तो उचलेल. उचलून नुसता "बोल" म्हणेल. मग मी काय बोलणार? "तुझी औषधं मोजतेय" असं?

काय झालं होतं तेही लिहून टाकते. हे खातंच मुळात आईसाठी होतं. आई कधी विमानात बसली नव्हती. तिला ढग वरून बघायचे होते. "खालून बघून मान दुखायला लागली माझी," म्हणायची. तिला तीन दिवस फिरवून आणायचं असं आम्ही ठरवलं. पॉइंट साठत गेले. दोघं साबणाची वडीसुद्धा त्या पानावरून घ्यायचो. आणि तिकिटं काढायच्या आत आई गेली, झोपेतच.

घरात माणसं जमलेली. मी सगळ्यांसमोर दादाला म्हणाले, "बस तू पॉइंट जमवत! आई गेली बघ तोवर!" काका होते, मामी होती, तिचे डॉक्टर होते. दादाने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन गेला, तो आजतागायत.

खरेदी मात्र त्याने थांबवली नाही. मीही नाही. का, ते दोघांनाही माहीत नसावं.

२७ एप्रिल

भाजी आणि फळं, सदस्य एक, नऊ पॉइंट. चला, खातोय तरी.

२ मे, बुधवार

विमान कंपनीचं पत्र आलंय, मेलवर. ज्या कुटुंब-खात्यांतून उघडल्यापासून एकही तिकीट काढलेलं नाही, ती सगळी ३० जूनला बंद. पॉइंट ज्याचे त्याला वाटून देणार. त्यानंतर प्रत्येकाला फक्त स्वतःची यादी दिसणार.

चारदा वाचलं. खाली लिहिलंय, "आपल्या सोयीसाठी."

माझ्या सोयीसाठी!

५ मे, शनिवार

सुट्टी. कपडे धुतले, पंखे पुसले, आईच्या साड्या उन्हात घालून परत घडी केल्या. दोन वाजता आणखी काही करायचं उरलं नाही.

खरं लिहायचं ठरवलंय तर लिहितेच. पॉइंट त्या वर्षी जानेवारीतच पुरे झाले होते. दादाचा फोन आला होता, "चिंगे, काढू का तिकिटं?" मीच थांब म्हटलं. तिघांना एका रांगेत जागा मिळत नव्हत्या. आई खिडकीशी, मग मी, मग तो — मला तसंच हवं होतं. तो म्हणाला, "अगं, थोड्या तासांचा तर प्रश्न आहे, मी बसेन कुठेही मागे." मी ऐकलं नाही. पुढच्या महिन्यात काढू म्हटलं. मार्चमध्ये आई गेली.

आणि बोलले त्याला. सगळ्यांसमोर. तो तिथल्या तिथे म्हणू शकला असता, "अगं, तूच थांबवलंस." एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं. तसं म्हणाला नाही.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. शरम वाटते. नुसती शरम नाही, स्वतःचा राग येतो इतका की भांडी आदळली आज.

९ मे

पाळीव प्राण्यांचं दुकान. चाळीस. जे काय आहे ते चांगलं खातंय. औषधं थांबलीत. कदाचित औषधंही त्या प्राण्याचीच असतील! नाही, ती मिळतात ते दुकान वेगळं. की तिथेही मिळतात?

बघा, माझा सख्खा भाऊ आणि मी हे असं शोधतेय.

१८ मे

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुमची सुट्टी पडून आहे. घ्या की, जा कुठेतरी." मी म्हटलं, "बघते." ते म्हणाले, "गेल्या वर्षीही बघतेच म्हणाला होतात."

म्हणजे त्यांचं लक्ष असतं! मला वाटायचं, मोबाइलच्या बाहेर त्यांना काही दिसतच नाही.

२० मे, रविवार

सुचलंय. एक तिकीट निघालं तरी खातं टिकेल. एकच. आणि जायचं तर दादाकडेच. दारात उभं राहायचं आणि सांगायचं, माझं चुकलं. फोनवर नाही जमणार. समोर उभी राहिले तर दार तरी लावून घेणार नाही तो. निदान लगेच नाही.

पॉइंट भरपूर आहेत. अडचण कसलीच नाही. घोडं अडतं ते माझ्यापाशी.

३ जून, रविवार

आज बसले तिकीट काढायला. न्हाऊन, केस विंचरून, इस्त्रीचा ड्रेस घालून बसले — जणू त्या पानाला मी दिसणार होते! तारीख निवडली. सकाळचं विमान निवडलं. प्रवासी कोण, असं विचारलं आणि खाली साठवलेली नावं आपोआप आली. तेव्हा भरून ठेवलेली, तिन्ही.

दादा, वय छप्पन्न. मी, वय बावन्न. आई, वय एक्क्याऐंशी.

आई गेली तेव्हा अठ्ठ्याहत्तरची होती. तीन वर्षं हे यंत्र तिचं वय वाढवत बसलंय. दर वाढदिवसाला एकेक. तिच्या नावापुढे रिकामा चौकोन, टिचकी मारली की झालं. "खिडकीजवळची जागा" हे आधीच निवडलेलं.

मी किती वेळ बसले माहीत नाही. मग पानावर आलं, वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा.

रडले. मोठ्याने रडले. शेजारणीने भिंतीवर टकटक करून विचारलं, "बरं आहे ना?" म्हटलं, "टीव्ही आहे."

टीव्ही बंद पडून दोन महिने झालेत.

८ जून

दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्या नावांपाशी येऊन थांबले. आईला वगळून माझ्या एकटीच्या नावावर टिचकी मारायची, एवढंच करायचं आहे. नाही होत.

९ जून, शनिवार

बास. त्या पानावर आता जायचं नाही. खरेदीलाही नाही, यादी बघायलाही नाही. तीस तारखेला बंद होणारच आहे, मग तीन आठवडे आधी सवय केलेली काय वाईट? दादाने तीन वर्षांत एकदा तरी फोन केला का? त्यालाही तेच पत्र गेलं असेल. त्याचं काही अडलेलं नाही. तोही सुटेल एकदाचा.

१० जून

कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर, चहा, अंगाचा साबण आणला. दुकानदार म्हणाला, "ताई, बऱ्याच दिवसांनी?" सहा वर्षांनी हो, पण त्याला काय सांगणार.

१४ जून

काही नाही.

१६ जून, शनिवार

चहा घेताना हात आपोआप मोबाइलकडे जातो. परत ओढून घेते. मग चहा कशाकडे बघत प्यायचा ते कळत नाही. समोर भिंत. भिंतीवर पालसुद्धा नाही.

१९ जून

दवाखान्यात एका बाईंना बीप स्पष्ट ऐकू येत होत्या, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण बटण दाबत नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, "नक्की आलाय की नाही, खात्री करून मग दाबावं म्हटलं." किती समजावलं. तीन वेळा टेस्ट घ्यावी लागली. उशीर झाला, जेवण राहिलं, डोकं चढलं.

२२ जून

सगळं दुकानातून हातात धरून आणायचं म्हणजे पिशव्यांनी बोटं कापतात. खोके येत नाहीत. पार्सलवाला परवा जिन्यात भेटला, म्हणाला, "गावाला गेला होतात का?" दाराची बेल दोन आठवड्यांत एकदाही वाजलेली नाही. ती चालते का हे मी स्वतः बाहेर जाऊन वाजवून बघितलं.

चालते.

२४ जून, रविवार

सकाळी साडेआठला फोन. पडद्यावर "दादा".

हॅलो नाही, काही नाही. म्हणाला, "चिंगे, आज पंधरा दिवस झाले. साबण नाही, साखर नाही, तुझ्या नावापुढे एक ओळ नाही. मी रोज सकाळी पहिलं तेच बघतो. काल रात्री झोप नाही मला. बरी आहेस ना तू?"

मी म्हटलं, "दादा, माझं चुकलं."

तो म्हणाला, "ते नंतर. आधी सांग, घरात खायला काही आहे का?"