उमेदवाराचे तोंड वापरणाऱ्या न्हाव्याचे मृत्युपत्र

मी, धंद्याने न्हावी, वय झालेला पण हात अजून न थरथरणारा, कोणाच्याही धाकाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो ते असे की:

कलम एक. राहते घर बायकोच्या नावे. तिच्या हयातीत तिला कोणी 'जरा सरक' असेही म्हणू नये.

कलम दोन. दुकान, वस्तरे आणि तिन्ही आरसे पुतणीला. तिचा हात हलका आहे.

आरशांबद्दल खुलासा करणे भाग आहे. माझा जुळा भाऊ निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा आमचे बोलणे बंद होते. वडिलांनी दुकान मला दिले, हा त्याचा राग. तोंड मात्र दोघांचे एकच. आचारसंहितेचे साहेब दुकानात आले नि म्हणाले, "उमेदवाराचा चेहरा विनापरवाना लावलाय तुम्ही."

"कुठे लावलाय?"

"मानेवर."

जाहिरातीवर मुद्रक-प्रकाशकाचे नाव हवेच, म्हणून माझ्या कपाळावर चिठ्ठी आली. मी लिहिले: 'मुद्रक व प्रकाशक: आई-बाबा. प्रती: दोन.' साहेबांनी ती गंभीरपणे वाचून शिक्का मारला. आरशांतली माझी प्रतिबिंबे म्हणजे जादा फलक, म्हणून आरसे वर्तमानपत्राने झाकायला लावले. मग गिऱ्हाइके मलाच विचारू लागली, "कसा दिसतोय?" मी खरे सांगत असे. धंदा बसला.

कलम तीन. भावावरचा राग. हा कोणालाच देता येत नाही, कारण तो मतदानाच्या दिवशी संपला. केंद्राजवळ प्रचाराला बंदी, म्हणून मी डोक्यावर पिशवी घालून गेलो. आतल्या बाई म्हणाल्या, ओळख पटवायची आहे, पिशवी काढा. काढली, तर साहेब ओरडले, "प्रचार!" घातली, तर बाई ओरडल्या, "तोतया!" माझी काढघाल चालू असताना रांगेतून भाऊ पुढे आला.

"साहेब, माझ्या भावाला मत देऊ द्या. तो मला देणार नाहीच आहे."

साहेबांनी दोघांकडे पाहिले. "तुमच्यातला उमेदवार कोण?"

आम्ही एकमेकांकडे बोट दाखवले. शाळेत मास्तरांपुढे दाखवायचो, अगदी तसेच. मग जे हसू फुटले ते आवरेना. साहेबांनी दोघांनाही बाहेर काढले.

भाऊ एका मताने पडला. त्याचे मत राहिले होते आणि माझेही. माझे कोणाला जाणार होते, हे त्याने विचारले नाही, मीही सांगितले नाही.

कलम चार. बँकेतली शिल्लक मुलीला. जावयाने सल्ला देऊ नये. पिशवी साहेबांना, धुतलेली आहे.

कलम पाच. दुकान पुतणीचे असले, तरी कोपऱ्यातली खुर्ची तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या भावाची, तो असेपर्यंत. पैसे मागू नयेत. मानेवर कातरी लावण्याआधी सांगावे, त्याला गुदगुल्या होतात.

आणखी लिहिले असते, पण तो त्याच खुर्चीत बसून ओरडतो आहे, "अरे, फेस वाळला!"

सही: लिहून ठेवणार, न्हावी
साक्षीदार: १. समोरचा चहावाला. २. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (लिहिणारा शुद्धीत आहे, असे त्यांचेही मत)
स्थळ: आमचे दुकान
दिनांक: महिन्याचा पहिला रविवार, गर्दीची वेळ