मांडी हलवू नका

प्रिय हेस्टर,

‘प्रिय’ लिहिलंय ते पत्राची सुरुवात तशी करतात म्हणून. मनात सध्या दुसराच शब्द आहे. मोबाईलवर तुझ्या दोन ओळी आल्या: “पुढच्या महिन्यापासून सिबे बुधवारीही पाळणाघरात जाईल. तू दमतेस, आई.” मी दमत नाही. अजूनही समोरून वारा असताना सायकलवरून डोक्कुमच्या बाजाराला जाऊन येते. नातवाजवळून मला काढून टाकलंस, तर तसं म्हण.

सात महिने बुधवार माझा होता. आणि कसला माझा! पहिल्याच आठवड्यात तू येऊन माझ्या संडासात, वाढदिवसांच्या कॅलेंडरशेजारी, यादी चिकटवून गेलीस. म्हणजे बसल्या बसल्या रोज वाचेन. पोटावर पालथं, पंधरा मिनिटं. टेकू देऊन बसवायचं नाही, त्याचा तो बसेल. बाळांच्या लाकडी कठड्यात कोंडून ठेवायचं नाही, जमिनीवर मोकळं सोडायचं. खेळायला घरातल्याच वस्तू. सतत बोलत राहायचं. खाली महिन्यांचे चौकोन, काय आलं त्यावर खूण करायला. कारखान्यात नव्या कामगारासाठी लावतात तशी यादी, दोन मुलं वाढवलेल्या बाईसाठी!

तरी पाळली, अक्षरन् अक्षर. लाकडी चमचा आणि पातेलं. कपड्यांचे चिमटे डब्यात टाकायचे, काढायचे, पुन्हा टाकायचे. चिमटा दोन बोटांत धरायला तो माझ्या स्वयंपाकघरात शिकला, ती खूण मी केली, तुझ्या पाळणाघरानं नाही. आणि बोलत इतकी राहिले की शेजारचा हारमेन कुंपणावरून म्हणाला, “औक्ये, तो बिचारा एकदा उत्तर द्यायला लागू दे, मग तुझी खैर नाही!”

उत्तरच येत नव्हतं. सहाव्या महिन्यात त्याची ‘बाबाबा, दादादा’ अशी टकळी चालायची, आठव्यात ती विरत गेली. मी टॉवेलाआड तोंड लपवून ‘भॉक’ करायचे. तोंड दिसलं की खदखदून हसायचा. पण टॉवेलाआडून कितीही हाका मारा, चिमट्यावरची नजर हलायची नाही. मग एका बुधवारी माझ्या हातून पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं, त्याच्या पाठीमागे, दोन हातांवर. मांजर उडी मारून बाहेर पळालं. सिबेनं हातातला चिमटा डब्यात टाकला आणि दुसरा उचलला.

हे मी तुझ्या वाउटरच्या वाढदिवसाला बोलले. तुझ्या नवऱ्याचं अख्खं घराणं गोल करून खुर्च्यांवर केक खात बसलेलं असताना बोलले, तेवढं चुकलं. तुझी सासू म्हणाली, “अहो, शांत बाळ म्हणजे देवाचं देणं!” आणि तू सगळ्यांदेखत माझा पाणउतारा केलास. “जन्मल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या कानांची तपासणी झालीय, कागद आहे माझ्याकडे. तुला प्रत्येक मुलात खोट दिसते, आई. आणि मला काय शिकवतेस? मी लहान असताना पाठीमागे येऊन भांडी आपटायचीस तू! अजून दार वाजलं तरी दचकते मी.” सगळे हसले. मी केक संपवला, पानातलं टाकायचं नाही म्हणून.

तुझं बोलणं मी पचवलं असतं. तुझ्या सासूचं वाक्य पचत नाही. शांत बाळ. एक्क्याऐंशी साली जेल्मरबद्दल गल्लीतली प्रत्येक बाई हेच म्हणायची, आणि मी फुशारून जायचे. तुझा भाऊ कठड्यात तास तास एकटा खेळायचा, दाराची घंटा वाजली तरी झोपमोड नाही. नऊ महिन्यांचा झाल्यावर बालतपासणी केंद्रात नेला. तेव्हाची रीत अशी की बाळ आईच्या मांडीवर, नर्स मागे उभी राहून खुळखुळा वाजवणार, आणि बाळानं त्या बाजूला वळायचं. नर्सनं बजावलं होतं, “मांडी हलवू नका हं, बाई.” खुळखुळा उजवीकडे वाजला. जेल्मर वळला नाही. भिंतीपाशी चार बाया आपापली बाळं घेऊन बसल्या होत्या, त्या बघत होत्या. पुन्हा वाजला, तेव्हा मी डावी मांडी किंचित उचलली. तो उजवीकडे कलला. नर्सनं कागदावर खूण केली. घरी येऊन तुझ्या बाबांना सांगितलं, पास झाला.

दोन वर्षांचा असताना त्याला मोठा ताप आला आणि त्यात त्याचे कान गेले, असंच तुला माहीत आहे. ताप आला होता, साधा, चार दिवसांचा. तो मी वापरला. जेल्मरला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, हे डॉक्टरांना तिसऱ्या वर्षी कळलं, मला त्या मांडीपाशीच कळलं होतं. मधली वर्षं तो एका शब्दावाचून राहिला, ती माझ्यामुळे. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, “हे रक्तातून येऊ शकतं. कधी जन्मतः असतं, कधी ऐकणं मागाहून जातं. पुढच्या मुलावर लक्ष ठेवा.” पुढचं मूल तू. तुझ्या पाठीमागे मी चार वर्षं रोज झाकणं आपटली, हेस्टर. तू दर वेळी वळलीस, कधी रडलीससुद्धा, आणि मी तोंड फिरवून डोळे पुसायचे. जेल्मरला काल सगळं लिहून पाठवलं, आधी त्याचा हक्क. आता तू कानाच्या डॉक्टरांना फोन कर आणि सांग, बाळाचा मामा जन्मापासून बहिरा आहे. तुझ्या त्या कागदावर हे नाही. बुधवार परत देऊ नकोस, मी मागत नाही. फक्त तिथे त्याला मांडीवर घेशील, तेव्हा मांडी हलवू नकोस.

तुझीच, राग अजून न गेलेली,
आई