ज्योत आणि धाप

आई,

आज घटस्थापना. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे झाली आहेत आणि मी इंदिरानगरच्या खोलीत, मिठाच्या कोमट पाण्यात तळपाय बुडवून बसलो आहे. आज मी ज्योत घेऊन पळालो. आपल्या मंडळाची पोरं दरवर्षी सप्तशृंगीच्या गडावरून अनवाणी पळत, एकमेकांच्या हातात देत ज्योत आणतात, हे तुला माहीतच आहे. या वर्षी दिंडोरीच्या अलीकडचा एक टप्पा माझा होता.

तुला ते आवडलं नसतं. मी चौथीत असताना गल्लीत आलेल्या ज्योतीमागे धावलो, तेव्हा तू कॉलर धरून मला ओढलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुला धाप हाय. तू नाय पळायचं." घरी येईपर्यंत माझी छाती शिट्टीसारखी वाजत होती. तू मला ओट्यावर कोपरं टेकून वाकायला लावलंस. दम्याचा पंप पिठाच्या डब्यामागे असायचा. तो हातात घेतलास आणि आत्या आत आली, तशी तू तो पदराखाली लपवलास. "सर्दी हाय त्याला," म्हणालीस. ती जायची वाट पाहत मी तसाच वाकून राहिलो. ती गेल्यावर पंप माझ्या तोंडाशी धरून तू पुटपुटलीस, "दम्याच्या पोराला पोरगी कोण देणार?"

दिली, आई. तुला जाऊन बरीच वर्षं झाल्यावर दिली. तिनेच माझ्या पळायच्या पँटला पंपापुरता आतून खिसा शिवला आहे.

मागच्या महिन्यात मैदानावर सराव करताना छाती आवळली, तरी लाजेने मी थांबलो नाही. शेवटी कुंपणाला धरून खाली बसलो. डॉक्टर रागावले. "थांबायला लाज वाटत असेल, तर पळू नका." आज त्यांनी सांगितल्याप्रमाणे पळण्याच्या पाव तास आधी पंप घेतला, सगळ्यांसमोर. सोबतच्या टेंपोतून एक जण ओरडला, "ए पंपवाल्या, टाकी फुल का?" सगळे हसले, मीही हसलो. मग थोडं चाललो, नंतर सावकाश धावलो, आणि माझी पाळी आली. धूर तोंडावर येऊ नये म्हणून ज्योत एका बाजूला, लांब धरली. पहाटेचं डांबर गार होतं. श्वास नीट चालला होता. मला इतकं बरं वाटत होतं, की भीती वाटली.

चढ लागला आणि छाती आवळू लागली. अजून थोडं, असं मनात आलं. पण मी हात वर केला. "घे रे, मला धाप लागली." शेजारून पळणाऱ्या पोराने ज्योत घेतली. "बस दादा निवांत," एवढंच म्हणाला आणि पुढे गेला. मी टेंपोच्या फळीवर बसून पंप घेतला, पुढे वाकलो. हळूहळू श्वास मोकळा झाला. एकाने पाण्याची बाटली दिली.

घरी आलो तर बायको दारातच उभी. "अहो, पूर्ण पळालात ना?" मी हो म्हणालो. ती इतकी खूश झाली, की मला खरं सांगवेना. हा कागद तिला दाखवणार नाही, तुझ्यापर्यंतही तो पोहोचायचा नाही, म्हणून लिहितो: चढ राहिला.